पचमढी की मढई? सातपुड्याच्या सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आसपासची पचमढी, मढई, तामिया ही ठिकाणे यांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आम्ही मागील अंकात सुचवले होते. आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी होती, म्हणून समान आशयाचे प्रश्न एकत्र करून खाली उत्तरे दिली आहेत. प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे आणि हॉटेलांचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते वरचेवर बदलतात, आणि छापील आकडा हातात धरून तिकीटखिडकीवर वाद घालणाऱ्यांची संख्या वाढवण्याची आमची इच्छा नाही.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त आहोत. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून आणि नऊ व तेरा वर्षांची नातवंडे पुण्याहून येणार आहेत. हाताशी चार दिवस आहेत. पचमढी, मढई, तवा धरण, भीमबेटका आणि जमल्यास पाताळकोट असा बेत मुलाने आखला आहे. मला गुडघ्यांचा त्रास आहे. हा बेत झेपेल का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ठिकाणांची निवड चांगली आहे, परंतु ती सर्व चार दिवसांत बसवली तर नातवंडांना सातपुडा मुख्यतः गाडीच्या काचेतूनच दिसेल. पचमढी आणि मढई ही नावे जाहिरातींत नेहमी जोडीने येतात, त्यामुळे ती एकमेकांना लागून असावीत असा समज होतो. उद्यान एकच आहे. ते 1981 साली स्थापन झाले, त्याचे क्षेत्र सुमारे 524 चौरस किलोमीटर आहे आणि शेजारची बोरी व पचमढी ही अभयारण्ये त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प करण्यात आला आहे. मात्र पचमढी डोंगराच्या माथ्यावर, सुमारे 1,100 मीटर उंचीच्या पठारावर वसलेली आहे, तर मढई उत्तरेच्या पायथ्याशी, देनवा नदीच्या काठी आहे. नकाशावर दोहोंतील अंतर बोटभर दिसते. प्रत्यक्षात मटकुली, पिपरिया, सोहागपूर असा वळसा घालून ते नव्वद किलोमीटरांच्या आसपास भरते आणि घाट धरून अडीच ते तीन तास लागतात.

शिवाय या दोन ठिकाणी पाहायचे ते वेगवेगळे आहे. पचमढीला दऱ्या, धबधबे, गुहा आणि देवस्थाने आहेत, तेथे वन्यप्राणी दिसलेच तर तो योग समजावा. प्राण्यांसाठी जायचे ते मढईला. तेथे गाव म्हणावे असे फारसे काही नाही, बाजार नाही, संध्याकाळी फिरायला चौक नाही. नदी, नाव, जंगल आणि पहाटेची थंडी एवढेच आहे, आणि ज्यांना एवढ्यावर समाधान मानता येत नाही त्यांचा दुसरा दिवस कंटाळवाणा जातो.

इंदूरहून जाण्यायेण्यात आपले चारांपैकी जवळजवळ दोन दिवस खर्च होतील. उरलेल्या दोन दिवसांसाठी कोणतेही एकच ठिकाण निवडावे, आणि आपल्या बाबतीत आमचा कौल मढईला आहे. पचमढीतील उत्तम जागांपैकी बहुतेकींना पायऱ्या आहेत. जटाशंकरला दरीत उतरून पुन्हा वर यावे लागते, बी फॉलच्या पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात पण चढताना गुडघ्यांची परीक्षा घेतात, आणि चौरागडच्या तेराशेच्या आसपास पायऱ्यांचा तर आपण विचारही करू नये. मढईत नावेतून देनवा ओलांडायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या जिप्सीत बसायचे, एवढेच श्रम आहेत. जिप्सी उघडी व उंच असते, म्हणून चढताना कोणाचा तरी हात धरावा, आणि कंबरेचाही त्रास असेल तर चाकावरची मागची बाक टाळून चालकाच्या जवळची जागा मागून घ्यावी.

तवा धरण बेतातून बिनदिक्कत काढून टाकावे. मढईला आपण जे पाणी ओलांडाल, ते तवा जलाशयाचेच देनवेत मागे चढलेले पाणी आहे. धरणाची भिंत पाहण्यासाठी अर्धा दिवस घालवण्याचे कारण नाही. भीमबेटका मात्र ठेवावे, कारण ते भोपाळ-नर्मदापुरम रस्त्यालगत, औबेदुल्लागंजच्या पुढे आहे आणि परतीच्या प्रवासात दोन तासांत पाहून होते. तेथील चित्रित शैलाश्रय 1957 साली उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांनी जगासमोर आणले आणि 2003 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. माळव्यातल्या मराठी घरातील नातवंडांना वाकणकरांचे नाव तेथेच उभे राहून सांगता येईल, यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. पाताळकोटविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे, पण आपल्या या सहलीत तो नको.

प्रश्न : इंदूरहून स्वतःच्या गाडीने जाणे बरे की रेल्वेने? गाडीने गेल्यास कोणता रस्ता घ्यावा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर. याच आशयाचे पत्र राऊ येथूनही

उत्तर : चौघे किंवा अधिक असल्यास गाडी, दोघे असल्यास रेल्वे, असा ढोबळ नियम ठेवावा. नर्मदा एक्स्प्रेस आणि इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या भोपाळ व इटारसीमार्गे पिपरियाला जातात, आणि पिपरिया हे पचमढीसाठीचे नेहमीचे स्थानक आहे. अडचण एवढीच की या गाड्या तेथे ऐन मध्यरात्रीनंतर पोहोचतात. त्या वेळी घाटाने वर जाण्यासाठी अनोळखी वाहन ठरवण्यापेक्षा प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत थांबावे. सकाळी पचमढीच्या बस आणि सामायिक जीप स्थानकाजवळूनच मिळतात आणि पन्नास-एक किलोमीटरांचा तो घाट दिवसाउजेडी पाहण्याजोगाही आहे. मढईला जायचे असेल तर वाहन हॉटेलकडूनच आधी मागवून ठेवावे, कारण सोहागपूरपासूनच्या शेवटच्या वीस-एक किलोमीटरांत आयत्या वेळी काही मिळण्याचा भरवसा नसतो.

गाडीने जाणाऱ्यांनी देवास, आष्टा, सीहोर असे करीत भोपाळ गाठावे, शहरात न शिरता बाहेरच्या वळणरस्त्याने औबेदुल्लागंजकडे निघावे आणि पुढे बुधनीच्या घाटाने नर्मदापुरमला नर्मदा ओलांडून माखननगर, सोहागपूर, पिपरिया असा रस्ता धरावा. जुन्या पाट्यांवर आणि जुन्या लोकांच्या तोंडी नर्मदापुरमचे होशंगाबाद व माखननगरचे बाबई हीच नावे आहेत, त्यामुळे रस्ता विचारताना दोन्ही नावे घ्यावीत. इंदूर ते पचमढी हे अंतर चारशे किलोमीटरांच्या जरा अलीकडे आहे. पहाटे पाचला निघालेला माणूस वाटेत पोहे-जिलबी आणि नर्मदापुरमच्या सेठाणी घाटावर अर्धा तास धरूनही दुपारी तीनच्या सुमारास वर पोहोचतो. आठला निघालेला माणूस मटकुलीच्या पुढच्या घाटात अंधारात सापडतो. त्या रस्त्यावर रात्री गवे आणि रानडुकरे आडवी येतात, म्हणून सूर्यास्तापूर्वी पचमढी गाठता येत नसेल तर पिपरियातच मुक्काम करावा. नेमावर-हरदामार्गे इटारसीचा रस्ता ज्यांना बोरी-चूरणाच्या बाजूने उद्यानात शिरायचे आहे त्यांच्या उपयोगाचा आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही एका प्रवासी एजंटामार्फत सफारीचे आरक्षण केले. माझ्या वडिलांना ऐनवेळी येणे जमले नाही म्हणून त्यांच्या जागी मेहुण्यांना नेले, तर प्रवेशद्वारावर त्यांना अडवले. पैसेही परत मिळाले नाहीत. हे योग्य आहे का, आणि या वर्षी आरक्षण कसे करावे?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : आपल्या मनस्तापाची कल्पना आहे, पण प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यांनी नियमाप्रमाणेच केले. सफारीचा परवाना व्यक्तीच्या नावाने आणि तिच्या ओळखपत्राच्या क्रमांकासह निघतो. आत जाताना तेच मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. परवान्यावर नाव नसलेला माणूस जवळचा नातेवाईक आहे, या गोष्टीला तेथे अर्थ नसतो. ही बाब आरक्षण करतानाच आपल्याला स्पष्ट सांगणे एजंटाचे काम होते.

या वर्षी मध्यस्थ नको. मध्य प्रदेशातील सर्व व्याघ्र प्रकल्पांची आरक्षणे वनविभागाच्या एमपी ऑनलाइन संकेतस्थळावरून होतात आणि ती घरबसल्या करता येतात. आरक्षण करताना प्रवेशद्वाराचे नाव नीट पाहावे. एकाच सातपुड्याच्या यादीत मढई, चूरणा आणि आणखी काही द्वारे येतात, त्यांतील काही गाभाक्षेत्रातील (कोअर) तर काही बाह्यक्षेत्रातील (बफर) आहेत, आणि हॉटेल मढईला घेऊन सफारी भलत्याच द्वाराची काढणारे लोक दर हंगामात भेटतात. एका जिप्सीत चालक व मार्गदर्शक सोडून सहा पर्यटक बसतात. सकाळची सफारी आधी घ्यावी. ती मनासारखी झाली तर दुपारची वेळ नदीवर नावेत घालवावी. दर बुधवारी दुपारची सफारी बंद असते, ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्याने मंगळवारी रात्री पोहोचून गुरुवारी पहाटे निघणाऱ्यांच्या वाट्याला एकच फेरी येते. गाभाक्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात सफारीसाठी बंद असते. दिवाळी, नाताळ आणि होळीच्या आसपासच्या शनिवार-रविवारी जागा फार लवकर भरतात. त्या दिवसांसाठी आरक्षण खुले होताच ते करावे, आणि हॉटेल त्यानंतर. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात.

प्रश्न : माझ्या मुलीला वाघ पाहायचाच आहे. सातपुड्यात वाघ हमखास दिसतो का? नाहीतर आम्ही कान्हा किंवा बांधवगडला जाऊ.
— एक वाचिका, महू

उत्तर : वाघ हीच एकमेव अट असेल तर बांधवगडला जावे. सातपुड्यात वाघ आहेत, त्यांची संख्या वाढलीही आहे, परंतु हे जंगल डोंगराळ आहे, नाल्या-दऱ्यांनी चिरलेले आहे, आणि वाघाला येथे रस्त्यावर येण्याची गरज फारशी पडत नाही. हमखास हा शब्द कोणत्याही जंगलाच्या बाबतीत वापरू नये. सातपुड्याच्या बाबतीत तर मुळीच नाही, आणि असा शब्द देणाऱ्या चालकाच्या जिप्सीत बसूही नये, कारण तो सबंध फेरीभर वायरलेसवरच्या बातमीमागे गाडी पळवतो आणि प्रवाशांना धुळीशिवाय काही दिसत नाही.

तथापि आपण मुलीला सातपुड्याला नेण्याचा विचार सोडू नये, असे आम्हाला वाटते. अस्वल पाहण्यासाठी मध्य भारतात याहून चांगली जागा सांगता येणार नाही. गव्यांचे कळप येथे मोठे आहेत. गाभाक्षेत्रातील अनेक गावांचे गेल्या काही दशकांत बाहेर पुनर्वसन झाले, त्यांच्या जुन्या शेतजमिनींवर आता गवताळ कुरणे झाली आहेत, आणि सकाळच्या उन्हात ही जनावरे तेथे शांतपणे चरताना दिसतात. त्याच कुरणांवर 2015 पासून कान्ह्याहून बारशिंगे आणून सोडण्यात आली. हा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी. कठीण जमिनीवर राहणाऱ्या या जातीची कान्ह्यातील संख्या 1970 च्या सुमारास 66 पर्यंत घसरली होती आणि एकाच जंगलात उरलेली जात एखाद्या साथीत नाहीशी होऊ शकते, म्हणून तिचे दुसरे घर येथे करण्यात आले. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि तो पाहण्यासाठी मराठी माणसे भीमाशंकरला जातात. इंदूरकरांना तो येथे उंच झाडांच्या शेंड्यांवर सापडतो, फक्त मान वर करून पाहावे लागते. याखेरीज रानकुत्री, बिबटे, नदीकाठी मगरी आणि नशीब असेल तर पाणमांजरे आहेत.

सातपुड्याचे खरे वैशिष्ट्य मात्र जंगलात फिरण्याच्या पद्धतीत आहे. देशातील बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकाला वाहनातून खाली पाय ठेवता येत नाही. येथे प्रशिक्षित मार्गदर्शक आणि वनरक्षकासोबत ठरावीक वाटांनी पायी फिरण्याची परवानगी मिळते, आणि देनवेच्या पाण्यावर नावेतून व वल्ह्याच्या होडीतूनही जाता येते. पायी फिरताना प्राणी कमी दिसतात, परंतु अस्वलाने फोडलेले वारूळ, सागाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, चितळाचा इशारा आणि माकडाचा इशारा यांतील फरक या गोष्टी जिप्सीतून कधीच कळत नाहीत. मुलीचे वय आपण कळवलेले नाही. लहान मुलांना पायी सफारीत नेत नाहीत, त्यामुळे आरक्षणापूर्वी वयाची अट पाहून घ्यावी.

काळाविषयी एक सूचना. दिवाळीत जंगल हिरवे आणि गवत उंच असते. दृश्य सुंदर, प्राणी लपलेले. मार्चनंतर पानगळ होते, पाणवठे आटतात आणि एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावर येणारे प्राणी अधिक दिसतात, पण तेव्हा पायथ्याला पारा चाळिशीच्या वर जातो. मुलांसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ आम्ही सुचवू, शाळेच्या परीक्षांचे गणित आपण सोडवावे.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी तीन दिवसांसाठी पचमढीला जाणार आहोत. तेथे स्वतःची गाडी सर्वत्र नेता येते का? चालक लोक सांगतात तितके सगळे पॉइंट पाहणे आवश्यक आहे का?
— एक वाचिका, अन्नपूर्णा मार्ग, इंदूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. पहिल्याचे असे की गावात आणि काही ठिकाणांपर्यंत स्वतःची गाडी चालते, परंतु धूपगड, बी फॉल यांसारख्या उद्यानाच्या हद्दीतील जागांसाठी नोंदणीकृत जिप्सी भाड्याने घ्यावी लागते आणि बायसन लॉजमधून वनविभागाचा परवाना काढावा लागतो. हे बायसन लॉज घाईघाईने मागे टाकू नये. या पठारावर आलेल्या ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन जेम्स फोर्सिथने 1862 मध्ये ते बांधले आणि आता तेथे वनविभागाचे संग्रहालय आहे. परवान्याची रांग लांब असेल तर एकीने रांगेत उभे राहावे आणि दोघींनी आत फिरावे, मग पाळी बदलावी.

चालकांच्या यादीत वीस-पंचवीस नावे असतात, त्यांतील निम्म्या ठिकाणी तीच दरी थोड्या निराळ्या कोनातून दिसते. हांडी खोह आणि प्रियदर्शिनी पॉइंट या दोन जागांवरून दऱ्यांची कल्पना पुरेशी येते. हांडी खोहची सुमारे तीनशे फूट सरळ तुटलेली कडा आणि ते लालसर वालुकाश्म पाहिल्यानंतर पुढची दोन-तीन ठिकाणे सोडली तरी काही बिघडत नाही. त्याऐवजी अप्सरा विहार ते रजत प्रपात ही पायवाट सावकाश चालावी. पावसाळा संपताना गेलात तर सुमारे 107 मीटर उंचीवरून पडणारी ती धार भरलेली असते. मे महिन्यात ती पाहून निराशा होते, आणि चालक ते आधी सांगत नाहीत. बी फॉलला सकाळी पहिल्या तासात जावे, कारण अकरानंतर तेथे पाण्यापेक्षा माणसे अधिक असतात. पांडव लेणी, महादेव आणि गुप्त महादेव एकाच दिवसात होतात. गुप्त महादेवाची फट अरुंद आहे, ज्यांना कोंडल्यासारखे होते त्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा.

सूर्यास्त धूपगडावरून पाहावा, हा रिवाज योग्यच आहे. सुमारे 1,350 मीटर उंचीचे हे शिखर सातपुड्यातील आणि मध्य प्रदेशातील सर्वांत उंच ठिकाण, म्हणजे साधारण महाबळेश्वराइतके. मात्र संध्याकाळी तेथे जिप्सींची रांग लागते आणि सूर्य बुडाला की सगळ्या एकदम खाली निघतात. थोडे थांबून शेवटच्या गाड्यांत निघता आले तर बरे, पण परवान्यावरची परतीची वेळ ओलांडू नये. एक सकाळ छावणीच्या भागात पायी फिरण्यासाठी राखून ठेवावी. पचमढी हे लष्करी छावणीचे गाव असल्याने तेथे टोलेजंग बांधकामे झाली नाहीत, मोठी झाडे आणि कौलारू बंगले टिकून राहिले, आणि 1875 सालचे क्राइस्ट चर्च त्याच्या रंगीत काचांसाठी आवर्जून पाहावे. लष्करी आवारांची छायाचित्रे घेऊ नयेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई मूळच्या अमरावतीच्या आहेत. त्यांच्या माहेरची माणसे दरवर्षी नागपंचमीला नागद्वारीला जातात आणि या वर्षी त्यांचाही आग्रह आहे. त्यांचे वय अडुसष्ट आहे. पावसाळ्यात उद्यान बंद असते, मग ही यात्रा कशी होते? त्यांना नेणे योग्य होईल का?
— एक वाचिका, देवास

उत्तर : सफारी बंद असली तरी पचमढी गाव आणि तेथील अनेक ठिकाणे पावसाळ्यात सुरू असतात. नागद्वारी या गुहेतील नागदेवस्थानाचा मार्ग मात्र व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जातो आणि वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आसपासचे दहा-एक दिवस यात्रेकरूंसाठी खुला होतो. त्या दिवसांत विदर्भातून लाखोंच्या संख्येने लोक येतात आणि पचमढीच्या रस्त्यांवर हिंदीपेक्षा वऱ्हाडी अधिक ऐकू येते. महाशिवरात्रीला चौरागडावर नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन जाणाऱ्यांतही विदर्भातील माणसे फार मोठ्या संख्येने असतात. ही परंपरा फार जुनी आहे आणि तिच्याकडे पर्यटकाच्या नजरेने पाहणे बरोबर होणार नाही.

सासूबाईंना नेण्याविषयी आम्ही सावधच सल्ला देऊ. काजली, पद्मशेष अशी ठाणी घेत जाणारी ही वाट डोंगर चढत-उतरत जाते, पावसाने दगड निसरडे झालेले असतात, धुके असते, काही ठिकाणी लोखंडी शिड्या व दोर यांचा आधार घ्यावा लागतो, आणि गर्दीमुळे मध्येच थांबता येत नाही. एकदा आत शिरल्यावर आजारी माणसाला बाहेर आणण्यासाठी खांद्यावर उचलण्यावाचून दुसरा उपाय नसतो. रोज चालण्याची सवय असलेली, रक्तदाब आणि हृदयाची तक्रार नसलेली अडुसष्ट वर्षांची व्यक्ती ही यात्रा करू शकते व अनेकजणी करतातही, पण निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा, माहेरच्या आग्रहावर नाही. त्या तयार असतील तर नागपंचमीचा मुख्य दिवस टाळून आधीच्या दिवसांत जावे, रबरी तळाचे पकड असलेले बूट घालावेत, नायलॉनची साडी नेसू नये आणि सोबत त्यांच्याच गतीने चालणारे एक माणूस असावे. नाही जमले तर महादेव आणि जटाशंकर येथे दर्शन घ्यावे. माहेरची माणसे नागद्वारीहून परतेपर्यंत त्यांच्याच तंबूत थांबता येते, आणि तेथील भजनांचा आनंद चालणाऱ्यांइतकाच बसलेल्यांनाही मिळतो.

ज्यांना यात्रेला जायचे नाही, त्यांनी नागपंचमी आणि महाशिवरात्र या दोन्ही वेळा पचमढीचा बेत करू नये. खोल्या मिळत नाहीत आणि पिपरियापासून वाहनांची रांग लागते.

प्रश्न : तामिया आणि पाताळकोट पचमढीहून एका दिवसात पाहून परत येता येते का?
— एक वाचक, छत्रीबाग, इंदूर

उत्तर : येता येते, पण त्या दिवशी दुसरे काही करू नये. पचमढीहून मटकुलीला उतरून देलाखारीमार्गे तामियाला जाण्यास सुमारे दोन तास लागतात, आणि पाताळकोटच्या कडेची ठिकाणे तेथून पुढे वीस-एक किलोमीटरांवर आहेत. रात्री परतण्याऐवजी तामियालाच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याकडे निघणे अधिक सोयीचे, विशेषतः ज्यांना पुढे नागपूरला जायचे आहे त्यांना.

पाताळकोट म्हणजे सुमारे 79 चौरस किलोमीटरांची, चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेली खोल दरी. दुधी नदी तिच्यात उगम पावते आणि तळाशी असलेल्या बारा गावांत मुख्यतः भारिया व गोंड लोक राहतात. आता काही गावांपर्यंत रस्ते गेले आहेत. कड्यावरून दरी पाहणे बहुतेकांना पुरेसे असते. ज्यांना खाली उतरायचे असेल त्यांनी तेथीलच माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा आणि त्याला ठरलेले पैसे न घासाघीस करता द्यावेत. घरांत डोकावणे, विचारल्यावाचून बायका-मुलांची छायाचित्रे काढणे, मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटणे हे प्रकार सहलीला आलेल्या शहरी मंडळींकडून सर्रास होतात. रामबागेत कोणी आपल्या अंगणात शिरून असे केले तर आपण काय म्हणू, एवढा विचार पुरेसा आहे. भारियांचे जडीबुटीचे ज्ञान प्रसिद्ध आहे, परंतु रस्त्याच्या कडेला पाताळकोटची म्हणून विकली जाणारी प्रत्येक मुळी तेथलीच असते असे नाही, आणि मधुमेहाची गोळी बंद करून ती घेणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

प्रश्न : कपडे आणि खाण्याची काय तयारी ठेवावी?
— अनेक वाचक

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत पचमढीचा पारा रात्री पाच अंशांच्या खाली जातो आणि मढईला पहाटे उघड्या जिप्सीत वारा अंगाला लागतो, म्हणून स्वेटरवर वारा अडवणारे जाकीट, कानटोपी आणि हातमोजे घ्यावेत, दहा वाजेपर्यंत यांतले सगळे उतरवावे लागते, तेव्हा एकावर एक घालता येतील असे कपडे बरे. जंगलात खाकी, करडे किंवा मळकट हिरवे रंग चालतात, पांढरा आणि लाल टाळावा. अत्तर लावू नये. शेव आणि चिवडा घेतल्याशिवाय इंदूरकर घराबाहेर पडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण ते डब्यात न्यावे आणि खोलीवर खावे, कारण पचमढीतील माकडे पिशवीचा आवाज ओळखतात. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय घरी जडलेली आहेच. तीच जंगलातही पाळून रिकामी वेष्टने परत आणावीत. गाभाक्षेत्रात मोबाइलचे जाळे बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे परवाना आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापून जवळ ठेवावा.

प्रश्न : आमचा पाळीव कुत्रा अतिशय शांत आहे. त्याला आणि ड्रोनला नेता येईल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : उद्यानात दोहोंपैकी कोणालाही प्रवेश नाही. कुत्र्यांमुळे रोग वन्यप्राण्यांत पसरू शकतात आणि त्याच्या वासाने बिबट्या जवळ येतो, म्हणून तो कितीही शांत असला तरी हा नियम बदलत नाही. त्याला गाडीत बंद करून सफारीला जाण्याचा विचारही करू नये. इंदूरलाच कोणाकडे तरी ठेवावे. ड्रोन व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत उडवल्यास तो जप्त होतो आणि गुन्हाही नोंदला जाऊ शकतो.